सात रुपयांचा शिपाई

आमच्या सोलापुरात लष्कर नावाचा भाग आहे. बाहेरगावच्या माणसाला "मी लष्करात राहतो" असं सांगितलं की तो क्षणभर आदराने बघतो, आणि मग आपल्यालाच हसून खुलासा करावा लागतो. लष्करात लष्कर नाही. घरं आहेत, दुकानं आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत. शेजारी उत्तर सदर बझार आणि दक्षिण सदर बझार. ही नावंही छावणीचीच. छावणीचा मोठा बाजार तो सदर बाजार. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, "इथलं सैन्य कुठं गेलं?" त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता "गेलं" एवढंच उत्तर दिलं.

पुढे इतिहासाची पुस्तकं वाचली तेव्हा सैन्य कसं आलं ते कळलं. मे १८१८ मध्ये जनरल मन्रो सोलापूरवर चालून आला. पेशवाईचं उरलंसुरलं पायदळ गावाबाहेर होतं, त्याचा पाडाव झाला, आणि किल्ल्यातल्या शिबंदीने शरणागती पत्करली. मग गावाबाहेर इंग्रजांची छावणी वसली. पुस्तकात मन्रोचं नाव असतं, तारीख असते. पण त्या छावणीतल्या झोपड्यांतून जो राहत होता, पहाटे उठून कवायत करत होता, महिन्याच्या पगारातून गावाकडे चार पैसे धाडत होता, तो शिपाई कोण? तो कुठून आला आणि कुठं गेला? हा प्रश्न पुष्कळ वर्षं माझ्या डोक्यात नुसता पडून होता.

तो पुन्हा वर आला एका मित्रामुळे. हा माझा जुना सहकारी. मूळ गाव माढ्याकडचं. एकदा बोलता बोलता म्हणाला, "गावात आमच्या घराला अजून सुभेदाराचं घर म्हणतात. खरं म्हणजे खापरपणजोबा सुभेदार नव्हतेच. नाईक म्हणून पेन्शनीत निघाले. पण महारवाड्यात पेन्शन घेणारा माणूस म्हणजे गावाच्या लेखी सुभेदारच!" हे खापरपणजोबा मुंबई इलाख्याच्या पलटणीत होते, आगबोटीतून कराचीला आणि तिथून काबूलच्या लढाईला गेले होते, एवढंच घरात माहीत आहे. फोटो नाही, पदक नाही.

मी जरा आगाऊपणाने विचारलं, "म्हणजे इंग्रजांच्या बाजूने लढले म्हणायचे?"

तो शांतपणे म्हणाला, "गावाने त्यांना कुठल्या बाजूने उभं राहू दिलं होतं?"

त्या दिवसापासून मी या शिपायाच्या मागे लागलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

व्हिक्टोरिया राणीचा काळ १८३७ ते १९०१. राणीचा शिपाई म्हटला की डोळ्यांसमोर लाल डगल्यातला गोरा येतो. तोही बहुधा गरिबाघरचाच असायचा. शेतमजुराचा किंवा कारखान्यातल्या कामगाराचा पोर, नाहीतर दुष्काळाने देशोधडीला लागलेला आयरिश. रोज एक शिलिंग पगार, त्यातून जेवणाचे आणि कपड्यांचे पैसे कापून हाती थोडंच यायचं. १८४७ पूर्वी भरती झाला की जन्माचाच अडकायचा. मुलगा पलटणीत गेला की तिकडे आईला लाज वाटायची, इतकी त्या नोकरीची अप्रतिष्ठा.

पण हिंदुस्थानात राणीचं राज्य ज्यांच्या खांद्यावर उभं होतं ते बहुतेक इथलेच लोक होते. १८५७ च्या आधी कंपनीच्या सैन्यात साधारण पाच हिंदी शिपायांमागे एक गोरा असं प्रमाण होतं. सैन्यंही तीन होती, बंगालचं, मद्रासचं आणि मुंबईचं. आपला शिपाई मुंबईच्या सैन्यातला. बंगालच्या सैन्यात उच्चवर्णीयांचा भरणा, जातीचे विधिनिषेध कडक, समुद्र ओलांडायची नाराजी. मुंबईचं सैन्य मात्र सरमिसळ होतं. मराठे, महार, मुसलमान, उत्तरेकडचे परदेशी असे सगळे एकाच पलटणीत, पुष्कळदा एकाच कंपनीत. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला जी लढाई झाली तिच्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत, त्यातली २२ नावं 'नाक'ने संपतात. 'नाक' ही त्या काळी महारांच्या नावामागे लागणारी खूण. ज्या भीमेच्या काठी हे घडलं तीच भीमा पुढे वाहत आमच्या जिल्ह्यात पंढरपूरला येते.

आता हा माणूस पलटणीत का जात असेल? याचं उत्तर शोधायला रणांगणावर जायची गरज नाही. गावात बघितलं तरी पुरे.

गावात त्याच्याकडे वेसकरकी. वेशीची राखण करायची, सरकारी माणूस आला की पुढे धावायचं, सांगावे पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं. मोबदला म्हणजे बलुतं आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. पैसा म्हणून हातात पडणारं काही नाही, आणि कामाला नाही म्हणायची सोय नाही. दुष्काळ पडला की बलुतंही आटायचं. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने फार वाईट सोसला. मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव हे त्या वेळच्या दुष्काळी कामाचं फळ. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी ठरवली, दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. दिवसभर खडी फोडायची आणि एवढ्यावर जगायचं. मुंबई इलाख्यातल्या कितीतरी मजुरांनी त्याविरुद्ध कामं टाकून दिली. उपाशी माणसांनी केलेला तो संपच होता.

याच्या शेजारी शिपायाचा पगार ठेवून बघा. महिना सात रुपये! दुष्काळी कामाचा रोजचा आणा महिन्याला दोन रुपयेही होत नाही. पलटणीत धान्य फार महागलं तर सरकार वरती थोडी भरपाई द्यायचं. मग कोण जाणार नाही?

पण सात रुपये ऐकून फार हुरळायलाही नको. हे सात रुपये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून तेच होते, ते १८९५ मध्ये नऊ झाले. मधल्या काळात पेशवाई गेली, कंपनी गेली, रेल्वे आली (सोलापूरला १८६० मध्ये), गिरणी आली, धान्याचे भाव कुठच्या कुठं गेले. शिपायाचे सात ते सातच. त्यातून खाणं त्याने स्वतःचं स्वतः करायचं. गणवेशातल्या काही वस्तूंचे पैसे त्याच्याच पगारातून कापले जायचे. राहायला बराकसुद्धा नसायची. सरकार थोडे पैसे द्यायचं, त्यात भर घालून शिपायाने आपली झोपडी आपणच उभारायची. अशा झोपड्यांची रांग म्हणजे 'लाईन'. बदली झाली की ती सोडून द्यायची आणि नव्या ठाण्याला पुन्हा माती कालवायची.

मुंबईच्या पलटणींत शिपायाबरोबर बायकामुलंही असायची. त्यामुळे छावणी म्हणजे एक गावच. चुली पेटलेल्या, पोरं रडताहेत, कुणाची सासू आलेली. आणि त्या गावात एक फार मोठी गोष्ट होती. वेस नव्हती. म्हणजे राखणदार होते, पण तुझं घर वेशीबाहेर असं सांगणारी वेस नव्हती. जात सुटली होती असं मी म्हणणार नाही. ती चुलीपाशी आणि सोयरिकीत होतीच. पण कवायतीच्या मैदानावर रांग लावताना उंची बघत, आणि हुकूम देणारा हवालदार महार असला तरी तो ऐकावा लागे. ज्या माणसाला गावात जोहार घालत वाकावं लागे त्याला इथे ताठ उभं राहायला शिकवत होते, आणि वाकला तर शिक्षा! हे नुसतं डोळ्यांपुढे आणलं तरी मला गंमत वाटते आणि मग थोडं गलबलतंही.

दुसरी गोष्ट शाळा. पलटणीला शाळा असायची. आंबेडकरांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय की शिपायांच्या मुलामुलींना दिवसा आणि मोठ्यांना रात्री शिकावं लागे. याची किंमत कळायला त्याच काळातली एक बाहेरची घटना बघू. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. शाळा सरकारी, पैसा सरकारी, तरीही त्याला आत घेतलं गेलं नाही. अर्ज मुंबई सरकारपर्यंत गेला. सरकारने तत्त्व मान्य केलं, पण एका मुलासाठी बाकीचे सगळे शाळा सोडतील या भीतीने मुलाला दार बंदच ठेवलं. म्हणजे एकच सरकार. त्याच्या शाळेत महाराच्या पोराला जागा नाही, आणि त्याच्याच छावणीत मात्र पाटीपेन्सिल सक्तीची. सरकारला उपकार करायचे होते म्हणून नव्हे. हिशेब ठेवणारा, हुकूम वाचणारा नाईक-हवालदार पलटणीला हवा होता, म्हणून.

आता लढाया. मुंबईच्या सैन्याला समुद्राचं वावडं नव्हतं, त्यामुळे साहेबाला लांबचं काम निघालं की हेच जायचे. १८५६-५७ मध्ये इराण. १८६८ मध्ये ॲबिसिनिया, जिथे मॅग्डालाचा डोंगरी किल्ला घेतला. १८५७ च्या बंडात मुंबईचं सैन्य बहुतांशी इंग्रजांकडे राहिलं, पण सगळं नाही. ३१ जुलैला कोल्हापुरात २७ वी पलटण उठली होती. इराणी, हबशी, अफगाण यांनी आमच्या माढ्याच्या किंवा महाडच्या माणसाचं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. तो साम्राज्याचा भाडोत्री होता हे लपवण्यात अर्थ नाही. इराणात आणि अफगाणिस्तानात ज्यांच्या घरांवर तो चालून गेला त्यांच्या पणतवंडांना त्याचं कौतुक असायचं कारण नाही.

आणि साहेबाचा त्याच्यावर विश्वास होता म्हणाल तर तोही तेवढाच. १८५७ नंतर धोरण असं की हिंदी शिपायाच्या हातात गोऱ्यापेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची. २७ जुलै १८८० ला मैवंदच्या मैदानावर गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे नवी मार्टिनी-हेन्री होती, आणि मुंबईच्या पहिल्या ग्रेनेडियर्सकडे आणि जेकब्स रायफल्सकडे जुनी स्नायडर. जुलैचं ऊन, पाणी नाही, समोर कितीतरी पट मोठी फौज आणि तिच्या तोफा. ब्रिगेडमध्ये अडीच हजारांच्या आसपास माणसं होती, त्यातली साडेनऊशेहून जास्त त्या एका दिवसात मेली. माझ्या मित्राचे खापरपणजोबा या मैदानावर होते की मागे कंदाहारला की आणखी कुठे, हे सांगायला आता कुणी नाही.

मैवंदमधून वाचलेल्या एकाचं नाव मात्र जगाला माहीत आहे. बॉबी. हा ६६ व्या पलटणीचा कुत्रा. जखमी होऊन तो वाचला, विलायतेला पोचला, आणि १८८१ मध्ये खुद्द राणीने त्याच्या गळ्यात पदक घातलं. मेल्यावर त्याला पेंढा भरून ठेवलं, तो सॉल्झबरीच्या संग्रहालयात आहे. कुत्र्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बिचारा शूर होता. पण ग्रेनेडियर्सच्या मेलेल्या शिपायांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला-मला सांगता येतं का?

एक नाव मात्र मला सापडलं. मैवंदच्या तीनेक महिने आधी, १६ एप्रिल १८८० ला, चमन ते कंदाहारच्या वाटेवर दुब्राई नावाच्या छोट्या ठाण्यावर मोठा हल्ला झाला. तिथे १९ व्या मुंबई पलटणीचा मेजर वॉडबी होता, आणि त्याच्याबरोबर त्याच पलटणीचे दोन शिपाई, इलाही बक्ष आणि सोननाक तननाक. हल्ला येतोय अशी आगाऊ खबर मिळाली होती, पण ते ठाणं सोडून गेले नाहीत. काही तास झुंजले, काडतुसं संपली, आणि मेले. मुंबईच्या फोर्टमधल्या एका रस्त्याला मग वॉडबी रोड नाव दिलं. आजचा हजारीमल सोमाणी मार्ग तो हाच. रस्त्याला नाव साहेबाचं, पण पलटणीने लावलेल्या फलकावर नावं तिघांची.

सोननाक तननाक. पहिलं स्वतःचं, दुसरं बापाचं. दोन्हीकडे 'नाक'. गावात हे नाव घेऊन हाक मारली की ऐकणाऱ्याला याची जागा कळायची. इथे ते मेजराच्या जोडीला दगडावर बसलं. राणीच्या नावाचं व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ पासून होतं, पण ते हिंदी शिपायाला मिळण्याची सोय १९११ पर्यंत नव्हती. त्यामुळे सोननाकच्या वाट्याला आलं ते एवढंच, दगडावरचं नाव. बाकीच्यांच्या वाट्याला तेही नाही. पुष्कळ तर गोळीने मेलेच नाहीत. पटकीने, तापाने, हगवणीने गेले.

जे वाचले ते चढत गेले. नाईक, हवालदार, जमादार, आणि फार थोडे सुभेदार. त्यावर दार बंद. तीस वर्षं नोकरी झालेल्या सुभेदाराने, कालपरवा बोटीतून उतरलेल्या, मिसरूडही न फुटलेल्या लेफ्टनंटला सलाम ठोकायचा. पण शेवटी पेन्शन मिळायची, आणि या पेन्शनीने एक नवीनच माणूस तयार केला. गावकीची भाकर न खाणारा. दापोलीला कॅम्पात अशा पेन्शनरांची वस्तीच झाली होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन दापोलीलाच राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांतून वाढलेला हा माणूस. पलटणीत शिकलेली अक्षरं घेऊन त्यांनी अस्पृश्यतेला जाब विचारणारं 'विटाळ विध्वंसन' लिहिलं, वर्तमानपत्रांत लिहिलं, अनार्य दोष परिहारक मंडळी उभी केली.

आणि नेमका तेव्हाच सरकारने दरवाजा लावून घेतला. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. मैवंदनंतर अडकलेल्या फौजेला सोडवायला काबूलहून कंदाहारला धडक मारणारा हाच. त्याच्या मनाने घेतलं की लढाऊ जाती उत्तरेत असतात, शीख, गुरखे, पठाण वगैरे, आणि दक्षिणेकडचे लोक लढाईच्या कामाचे राहिले नाहीत. जुनी बंदूक द्यायची, पाण्यावाचून मैदानात उभं करायचं, आणि हरल्यावर त्याचं रक्तच हलकं ठरवायचं! १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. त्यांच्या मागच्या दोन-तीन पिढ्यांची हाडं इराणपासून हबसाणापर्यंत पडली होती, ती कुणी मोजली नाहीत. वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. आम्ही तुमच्यासाठी लढलो, आता आमचा काय दोष, असा त्याचा आशय. उपयोग झाला नाही.

दरवाजा बंद झाल्याने काय झालं ते समजून घ्यायला हवं. गिरण्या निघाल्या होत्या, पण मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या पगाराचं विणखातं अस्पृश्यांना बंद होतं. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यांच्या ओठांचा स्पर्श इतरांना चालत नव्हता. सरकारी शाळा बंद, विणखातं बंद, आणि आता पलटणही बंद. म्हणजे पुन्हा वेस. फक्त आता तो शिकलेला होता, आणि ताठ उभं राहायची सवय पाठीच्या कण्यात गेली होती.

या सगळ्या गोष्टीतला सर्वात ओळखीचा माणूस म्हणजे रामजी मालोजी सकपाळ. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, बाप मालोजी शिपाई, रामजीही शिपाई. पलटणीच्या शाळेत १४ वर्षं मुख्याध्यापकी करून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पेन्शन ५० रुपये. बायको भीमाबाई सुभेदार-मेजराची मुलगी. या घराचा धाकटा मुलगा महूच्या छावणीत १८९१ मध्ये जन्मला. तो कोण हे सांगायला नको. मुलाला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसा नसला की रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलीकडे जायचे, तिचा दागिना मागून आणून गहाण टाकायचे, पुस्तक घ्यायचे, आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत द्यायचे. ही आठवण बाबासाहेबांनीच सांगितली आहे. राणीची पेन्शन शेवटी कशाच्या कामी आली हे मला यातून जितकं कळलं तितकं कुठल्या गॅझेटियरमधून कळलं नाही.

आणखी एक आठवण त्यांनी लिहिली आहे, साल १९०१. त्याच वर्षी जानेवारीत राणी वारली. सुभेदार तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलं साताऱ्याहून त्यांना भेटायला निघाली, नवे कपडे घालून, रेल्वेने. मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तर आधी मायेने बोलला. जात कळल्यावर तो मागे सरला. बैलगाडीवाले दुप्पट भाडं देऊनही तयार होईनात. शेवटी एक तयार झाला, पण अट अशी की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रस्त्यात प्यायला पाणी मिळालं नाही. बाप राणीचा सुभेदार, आज्याने राणीची नोकरी केलेली. त्या रात्री त्याचा पोरांना घोटभर पाण्यापुरताही उपयोग झाला नाही.

पुढचं बरंचसं सर्वांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मित्राकडे गेलो. दुब्राईची गोष्ट सांगितली, सोननाकचं नाव कागदावर लिहून दाखवलं. तो ते नाव बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "आमच्यांचंही नाव असंच काही असणार. पुढे आजोबांनी शाळेत घालताना आडनाव लावलं." मग मी आडून आडून माझा जुना प्रश्न पुन्हा काढला. हा माणूस शूर म्हणायचा, की भाडोत्री, की बिचारा?

तो म्हणाला, "ते तुम्ही लोक ठरवा. आमच्या घरात एवढंच सांगतात की म्हातारा परत आला तेव्हा त्याला वाचता येत होतं. संध्याकाळी तक्क्यात बसून पोथी वाचायचा. पाटलाला आलेला कागदसुद्धा एकदा त्याच्याकडून वाचून घ्यावा लागला म्हणे. लांबून, अर्थात. कागद खाली ठेवला, याने उचलला, वाचला, आणि परत खाली ठेवला."

माझा प्रश्न तिथेच संपला. शूर होता का, इमानी होता का, हे प्रश्न रस्त्यांना नाव देणाऱ्यांचे. तो गेला होता सात रुपयांसाठी. त्याने साहेबाला राज्य मिळवून दिलं आणि साहेबाने त्याला हलक्या जातीचा म्हणून घरी पाठवलं. पण जाताना जी अक्षरं त्याच्याबरोबर गेली ती काही कुणाला काढून घेता आली नाहीत. बदलीच्या हुकमासाठी शिकवलेल्या अक्षरांतून पुढे अर्ज निघाले, पुस्तकं निघाली. एवढं डोक्यात ठेवून त्या खाली ठेवलेल्या कागदाकडे बघितलं, की मैवंदपेक्षा तो प्रसंग मला मोठा वाटतो.

असो. लष्करात चहा प्यायला मी अजून जातो. परवा टपरीवर एक पाहुणा विचारत होता, "इथं मिलिटरी आहे का हो?" टपरीवाला म्हणाला, "नाही, नुसतं नाव आहे."

मी काही बोललो नाही. पण नाव राहिलंय, हेही काही थोडं नाही.